वेव्हगाइडमधला मोड आणि पोलरायझेशन: एकच गोष्ट की दोन?

तारायंत्र

नमस्कार मंडळी. मी मायक्रोवेव्ह इंजिनिअरिंग शिकवतो. वेव्हगाइड म्हणजे मायक्रोवेव्ह लहरी वाहून नेणारी धातूची पोकळ नळी, आणि टीई१०, टीई११ ही तिच्यातल्या मोडची नावं. तोंडी परीक्षेत 'टीई१० म्हणजे काय?' असं विचारलं की निम्मी मुलं 'व्हर्टिकल पोलरायझेशन' म्हणून मोकळी होतात. उत्तर सपशेल चूक म्हणता येत नाही आणि बरोबर म्हणायला जीभ रेटत नाही. आमच्या एक्स बँडच्या (१० गिगाहर्ट्झच्या आसपासच्या) बाकावर डब्ल्यूआर-९० ही आयताकृती नळी रुंद बाजूवर आडवी ठेवलेली असते, तिच्यात टीई१० चालू असतो आणि इलेक्ट्रिक क्षेत्र खरोखर उभं असतं. रिसिव्हरचा हॉर्न (नरसाळ्यासारखा अँटेना) ९० अंशांत फिरवला की डिटेक्टरचा करंट जवळपास शून्यावर येतो. मुलं हे डोळ्यांनी बघतात आणि मोड म्हणजेच पोलरायझेशन अशी मनात गाठ मारून घेतात.

मग त्यांच्यापुढे डीटीएचच्या छत्रीचा एलएनबी (डिशपुढचा सिग्नल पकडणारा डबा) उघडून ठेवला की गाडी अडते. तिथे नळी गोल, वापरातला मोड एकच, टीई११. तरीही व्हर्टिकल आणि हॉरिझॉन्टल असे दोन वेगळे चॅनेलगट त्याच नळीतून आत येतात. मोड म्हणजेच पोलरायझेशन असतं तर हे शक्यच नव्हतं.

माझं मत असं: मोड म्हणजे भिंतींनी मान्य केलेली क्षेत्राची नक्षी. पोलरायझेशन म्हणजे त्या क्षेत्राची दिशा. प्रश्न दोन आहेत, पण नळीचा आकार त्यांना एकमेकांत गुंतवतो. अभ्यासक्रमात पोलरायझेशन अँटेनाच्या प्रकरणात येतं, मोड वेव्हगाइडच्या प्रकरणात, आणि वर्षभरात दोघांची भेटच होत नाही. तुमच्या कामात ती कुठे झाली? तुम्ही हे कसं समजावता? गणित चालेल, पण इतर वाचकांनाही धागा धरता आला पाहिजे.

निळीशाई

रुमाल टाकून ठेवते. माझ्या कामात हा प्रश्न रोज असतो. सवडीने लिहिते.

कोनमापक

फार आवडता विषय. मी समीकरणं बाजूला ठेवून दोन सपाट लहरींपासून सुरुवात करतो.

कॅरमचा स्ट्रायकर तिरका मारला की दोन्ही कडांवर आपटत आपटत पुढे जातो. टीई१० तसाच आहे. उभं इलेक्ट्रिक क्षेत्र असलेली साधी सपाट लहर डाव्या-उजव्या अरुंद भिंतींवर आपटत नागमोडी पुढे सरकते. अशा दोन लहरी एकमेकींवर आल्या की रुंदीत क्षेत्राचा एकच फुगवटा तयार होतो, मधे जास्तीत जास्त आणि दोन्ही भिंतींवर शून्य. भिंतीला समांतर इलेक्ट्रिक क्षेत्र धातूवर टिकूच शकत नाही, म्हणून शून्य.

आता आकडे. डब्ल्यूआर-९० ची आतली रुंदी २२.८६ मिमी, उंची १०.१६ मिमी. अर्धी तरंगलांबी रुंदीत मावली की लहर चालायला लागते, ती सीमा ६.५६ गिगाहर्ट्झ. १० गिगाहर्ट्झला लहर नळीच्या अक्षाशी सुमारे ४१ अंशांचा कोन करून आपटत जाते. ८.२ ला तोच कोन ५३ अंश, १२.४ ला ३२. फ्रीक्वेन्सी खाली आणत ६.५६ ला पोचलात की कोन ९० होतो. लहर जागच्या जागी डावी-उजवी करत राहते, पुढे जातच नाही. कटऑफचं, म्हणजे या सीमेचं, एवढं नेमकं चित्र मला दुसरीकडे कुठे मिळालं नाही.

आता क्षेत्र आडवं करून बघा. त्या लहरीला वरच्या-खालच्या भिंतींमध्ये आपटायचं आहे आणि तिथे अंतर फक्त १०.१६ मिमी. तिची सीमा १४.७६ गिगाहर्ट्झ. म्हणजे १० गिगाहर्ट्झचं आडवं पोलरायझेशन या नळीत शिरलं तर चालणार नाही, विरून जाईल. किती वेगाने? हिशोब केला तर सेंटिमीटरला जवळपास २० डेसिबल येतात. एका सेंटिमीटरनंतर शक्ती शंभरातला एक भाग, दोन सेंटिमीटरनंतर दहा हजारातला एक. तारायंत्र यांच्या बाकावर हॉर्न फिरवल्यावर करंट का जातो, त्याचं उत्तर हेच. आयताकृती नळी स्वतःच एक उत्तम पोलरायझर आहे, आणि ती तशी आहे ते रुंदी-उंचीच्या फरकामुळे.

नळी चौरस करा. दोन्ही दिशांची सीमा एकच होते आणि दोन्ही पोलरायझेशन सुखाने चालतात. मोडची नावं टीई१० आणि टीई०१. नक्षी तीच, फक्त ९० अंशांत फिरलेली. गोल नळीत तर फिरवायला कुठलाही कोन मोकळा आहे.

तारायंत्र

कोनमापक, सेंटिमीटरला २० डेसिबल हा आकडा उद्याच फळ्यावर जाणार. 'आडवी लहर जात नाही' एवढंच आम्ही सांगतो, ती किती लवकर मरते ते सांगत नाही.

डच_पाऊस

थोडा विरोध नोंदवते. मी नेदरलँड्समध्ये सिलिकॉन फोटॉनिक्सवर काम करते. आमच्याकडे प्रकाशाची वाट म्हणजे साधारण ४५० ते ५०० नॅनोमीटर रुंद आणि २२० नॅनोमीटर उंच सिलिकॉनची पट्टी, भोवती काच. आम्ही सर्रास 'टीई पोलरायझेशन' म्हणतो. अर्थ ठरलेला: इलेक्ट्रिक क्षेत्र चिपच्या पातळीत. 'टीएम पोलरायझेशन' म्हणजे चिपला उभं. फायबरमधून चिपवर प्रकाश उतरवणारा नेहमीचा ग्रेटिंग कपलर एकच पोलरायझेशन नीट घेतो, दुसरं आलं तर बहुतेक प्रकाश वाया जातो. त्यामुळे आमच्या प्रयोगशाळेत दिवसाची सुरुवातच पोलरायझेशन कंट्रोलरच्या पट्ट्या फिरवण्याने होते.

तुमच्या मुलांचं उत्तर आमच्याकडे बरोबर धरलं जाईल. त्यांना चूक ठरवण्याआधी कुठल्या नळीबद्दल बोलतोय ते स्पष्ट करा.

तारायंत्र

डच_पाऊस, तुमचा मुद्दा पूर्ण मान्य, पण तो का खरा आहे ते पुढे मांडतो. रुंद सपाट थरात लहर फक्त वर-खाली आपटते. आपटण्याची पातळी एकच असते. तिथे टीई म्हणजे त्या पातळीला काटकोनात असलेलं इलेक्ट्रिक क्षेत्र, टीएम म्हणजे त्या पातळीतलं. दोन नावं, दोन दिशा, जोडी चपखल बसते. तुमची पट्टी पातळ आणि रुंद असल्यामुळे ती सवय तिथेही चालते, जरी काटेकोरपणे पाहिलं तर तिच्यात क्षेत्राचे सगळे घटक थोडे थोडे असतात.

पोकळ धातूच्या नळीत टीई चा अर्थ एवढाच, की अक्षाच्या दिशेने इलेक्ट्रिक क्षेत्र नाही. आडव्या छेदात ते कुठे बघतंय याबद्दल ते नाव काहीच सांगत नाही. टीई१० आणि टीई०१, दोन्ही टीई, आणि पोलरायझेशन एकमेकांना काटकोनात! मुलांना मी हेच उदाहरण देतो. आणि आयताकृती नळीतल्या टीई११ ला तर एक दिशाच देता येत नाही, रेषा कोपऱ्याकोपऱ्यात वळतात.

डच_पाऊस

हो, हे पटलं. 'अर्थ नळीवर अवलंबून' यावर माझी सही.

छत्रीवाला

मी इंजिनिअर नाही, सोलापूर भागात बरीच वर्षं डिश बसवतोय. तुमच्या धाग्यातला एलएनबी माझ्या ओळखीचा, म्हणून लिहितो.

सेट टॉप बॉक्स केबलवरून वर १३ व्होल्ट पाठवतो किंवा १८. १३ ला एलएनबी व्हर्टिकल उचलतो, १८ ला हॉरिझॉन्टल. केबल फार लांब किंवा जोड गंजलेला असेल तर वर १८ चे १५-१६ च पोचतात आणि निम्मे चॅनेल गायब. गिऱ्हाईक म्हणतं डिश हलली. डिश जागेवर असते, व्होल्टेज मेलेलं असतं. मीटर लावून आधी ते बघायचं.

दुसरी गोष्ट, एलएनबी क्लॅम्पमध्ये सरळ बसवून चालत नाही, थोडा कलता करावा लागतो. नवीन पोरं डिश हलवून हलवून दमतात, सिग्नलची पट्टी भरलेली दिसते पण क्वालिटी येत नाही. एलएनबी क्लॅम्पमध्ये फिरवला की क्वालिटी वर जाते. पण गावागणिक किती फिरवायचा ते मी अंदाजानेच करत आलोय. त्यामागचं गणित कुणी सांगेल का?

गच्चीवरून

वरून 'आलं का?', खालून 'नाही!', परत वरून 'आता?', खालून 'गेलं गेलं, मागे घ्या!' अख्ख्या महाराष्ट्राने पोलरायझेशनचं प्रॅक्टिकल गच्चीवर आधीच केलेलं आहे, फक्त जर्नल पूर्ण करायचं राहिलंय.

कोनमापक

गच्चीवरून 😄

छत्रीवाला, गणित सोपं आहे. उपग्रह विषुववृत्तावर आहे आणि तुम्ही त्याच्या बरोबर उत्तरेला नाही. त्यामुळे त्याचं 'उभं' आणि तुमचं 'उभं' यांत कोन पडतो. उपग्रहाचा रेखांश आणि तुमचा रेखांश यांतल्या फरकाचा साइन काढा, त्याला तुमच्या अक्षांशाच्या टॅनने भागा. येईल तो आकडा त्या कोनाचा टॅन.

डीडी फ्री डिशचा उपग्रह ९३.५ अंश पूर्वेला आहे. पुण्यासाठी कोन येतो ४५ अंशांच्या आसपास. नागपूर उपग्रहाच्या रेखांशाला जवळ आणि अक्षांशही जास्त, तिथे ३३ च्या आसपास. पणजीत ५० च्या पुढे. तुमच्या सोलापुरात साधारण ४३-४४. उपग्रह ८३ अंशांवरचा असेल तर पुण्यात फक्त २५. उपग्रहाचं पोलरायझेशन विषुववृत्ताच्या पातळीशी जुळवलेलं आहे असं धरून हे आकडे दिलेत, शेवटचा बारीक फेर मीटरवरच करा.

पुण्याचा ४५ अंश हा सगळ्यांत वाईट प्रसंग आहे. एलएनबी सरळ ठेवला तर त्यातल्या लहर पकडणाऱ्या प्रत्येक पिनवर व्हर्टिकल आणि हॉरिझॉन्टल निम्मे निम्मे पडतात. पट्टी भरलेली आणि क्वालिटी नाही, हे तुमचं निरीक्षण अगदी इथून येतं. शक्ती आहे, पण त्याच फ्रीक्वेन्सीवरचा दुसऱ्या पोलरायझेशनचा ट्रान्सपाँडर (उपग्रहावरचा प्रक्षेपक) तेवढ्याच जोराने आत येतोय. कोन ५ अंश चुकला तर नको असलेला सिग्नल २१ डेसिबल खाली राहतो, १० अंश चुकला तर १५.

छत्रीवाला

हे छापून गाडीत लावतो. मनापासून आभार. आमच्याकडे जुन्या सी बँडच्या मोठ्या डिशमध्ये फीडच्या नळीत पांढरी टेफ्लॉनची पट्टी तिरकी बसवायचे, काही परदेशी उपग्रहांसाठी. ती कशासाठी?

कोनमापक

ते उपग्रह वर्तुळाकार पोलरायझेशन पाठवतात. गोल नळीत टीई११ ची दोन रूपं एकमेकांना काटकोनात चालतात. वर्तुळाकार लहर म्हणजे ही दोन रूपं सारख्या ताकदीची, पण एक दुसऱ्याच्या पाव तरंग मागे. टेफ्लॉनची पट्टी पिनेशी ४५ अंशांत बसवली की पट्टीला समांतर असलेलं रूप हळू चालतं, आडवं रूप जवळपास नेहमीच्या वेगाने. पट्टीची लांबी अशी ठेवतात की पाव तरंगाचा फरक भरून निघतो. पलीकडे सरळ पोलरायझेशन तयार, पिनेला हवं तसं. पट्टी दुसऱ्या बाजूला तिरकी लावली की उजव्याऐवजी डावं वर्तुळ निवडलं जातं.

मनोरा६

मी दूरसंचार खात्यातून निवृत्त. वाचून बरं वाटलं.

मायक्रोवेव्ह मनोऱ्यावर खालच्या खोलीतून वरच्या अँटेनापर्यंत बऱ्याच ठिकाणी लंबवर्तुळाकार, नागमोडी पृष्ठभागाची तांब्याची नळी असे. ती वाकवता येते, हा फायदा सगळे सांगतात. पण लंबवर्तुळच का, हा प्रश्न आम्हाला नव्याने आलेल्या इंजिनिअरने विचारला की मी खूश व्हायचो. गोल नळी थोडी जरी दबली, वाकली, तरी टीई११ चं पोलरायझेशन वाटेत फिरतं. नळीला स्वतःची दिशाच नसते ना. खाली उभं सोडलेलं वर तिरकं पोचतं, आणि दोन पोलरायझेशन वेगवेगळे संदेश वाहत असतील तर ते एकमेकांत मिसळतात. लंबवर्तुळात आखूड अक्षाच्या दिशेचं इलेक्ट्रिक क्षेत्र आधी चालायला लागतं, दुसऱ्या दिशेचं बरंच वर. नळी स्वतः पोलरायझेशन धरून ठेवते.

तारायंत्र यांनी 'आकार गुंतवतो' म्हटलंय ते म्हणून फार आवडलं. पूर्ण सममितीत स्वातंत्र्य मिळतं, त्यासोबत भरकटणंही येतं. आकार बिघडवला की एक दिशा पक्की होते.

नळीत कोरडी हवा दाबाने भरलेली असते. एका केंद्रावर पावसाळ्यात हवेचं यंत्र बंद राहिलं, बाष्प आत गेलं, वाकणात पाणी साचलं आणि सिग्नल दर तासाला घसरत गेला. नळी उतरवून वाळवल्याशिवाय काही उपाय नव्हता. तेव्हापासून घाटातल्या केंद्रांवर गेलो की मी आधी हवेच्या दाबाचा काटा बघायचो.

कुतूहल

मला यातलं फार कळत नाही, पण वाचतेय. एक प्रश्न विचारू का? स्वयंपाकघरातल्या मायक्रोवेव्हच्या दाराला भोकांची जाळी असते. भोकं आहेत म्हणजे लहरी बाहेर येत असतील ना? मी मुलांना लांब उभं करते.

तारायंत्र

जरूर विचारा, प्रश्न नेमका या धाग्यातलाच आहे. प्रत्येक भोक म्हणजे एक अतिशय आखूड गोल वेव्हगाइड. भोक २ मिमी व्यासाचं धरलं तर त्यातून ८८ गिगाहर्ट्झच्या खालचं काही चालत नाही, आणि भट्टीची फ्रीक्वेन्सी आहे २.४५. कटऑफच्या इतक्या खाली असलं की नळीच्या व्यासाइतक्या लांबीत सुमारे ३२ डेसिबल घट होते. पत्रा १ मिमी जाड धरला तर जाडीतच सुमारे १६. त्याआधी एवढ्या बारीक भोकात लहर शिरतानाच बरीच अडते, ते वेगळं. प्रकाशाची तरंगलांबी मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहून लहान, म्हणून आतलं दूध उतू जाताना तुम्हाला दिसतं. दार वाकलेलं असेल, कडा नीट बसत नसतील, तर मात्र वापरू नका. गळतीचा धोका कडेला असतो, जाळीला नाही.

कुतूहल

धन्यवाद! आता निवांत दूध बघेन. आणि आतली थाळी फिरते ती यासाठीच का?

कोनमापक

तो मोडचाच खेळ आहे. भट्टीच्या पेटीत अनेक मोड एकाच वेळी उभे राहतात, त्यांच्या बेरजेत काही जागा तापतात, काही थंड राहतात. थाळी फिरली की अन्न त्या सगळ्या जागांवरून जातं.

जुनीपाने

इतिहासाची भर घालतो.

१८९३ मध्ये ऑलिव्हर हेविसाइडने लिहिलं होतं की नुसत्या पोकळ नळीतून लहरी जाणार नाहीत, आत दुसरा वाहक हवा. टीईएम प्रकारच्या लहरीसाठी (जिची इलेक्ट्रिक आणि चुंबकीय दोन्ही क्षेत्रं अक्षाला आडवी असतात) ते खरंच आहे. १८९७ मध्ये लॉर्ड रॅलेने गणिताने दाखवलं की दुसऱ्या प्रकारच्या लहरी जातात, फक्त प्रत्येकीला स्वतःची सीमा असते. नंतर हा विषय जवळपास चाळीस वर्षं पडून राहिला. १९३६ मध्ये बेल लॅब्जचे जॉर्ज साउथवर्थ आणि एमआयटीचे विल्मर बॅरो यांनी स्वतंत्रपणे तो पुन्हा उभा केला.

पण त्याच १८९७ च्या जानेवारीत जगदीशचंद्र बोस लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये आपली उपकरणं दाखवत होते. कोलकात्याच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात तयार केलेली, तरंगलांबी ५ मिमीपर्यंत खाली आणलेली. चौकोनी आणि गोल नळ्या, लहर गोळा करायला नरसाळं, ज्याला आपण आज हॉर्न म्हणतो. आणि पोलरायझर म्हणून काय? ब्रॅडशॉचं रेल्वेचं वेळापत्रक! त्याच्या पानापानांमध्ये कथलाचे पातळ पत्रे घातलेले. पुस्तक एका बाजूने धरलं की लहर आरपार, ९० अंशांत फिरवलं की बंद.

पुढच्या वर्षी त्यांनी तागाचे पीळ घातलेले जुडगे लहरीच्या वाटेत ठेवून पोलरायझेशनची पातळी फिरवून दाखवली. उजवा पीळ एका बाजूला फिरवतो, डावा दुसऱ्या. साखरेच्या द्रावणात रेणू प्रकाशाचं जे करतात ते त्यांनी तागाने मिलिमीटर लहरींवर केलं. मला ही कल्पना आजही थक्क करते.

कोनमापक

जुनीपाने, ब्रॅडशॉबद्दल फार फार धन्यवाद. यात मोड आणि पोलरायझेशन एकाच वस्तूत भेटतात! दोन पत्र्यांमधली फट म्हणजे समांतर पत्र्यांचा वेव्हगाइड. क्षेत्र पत्र्यांना काटकोनात असेल तर तिथे टीईएम लहर चालते, तिला सीमाच नाही, फट कितीही अरुंद असो. क्षेत्र पत्र्यांना समांतर असेल तर फटीत अर्धी तरंगलांबी मावायला हवी, आणि पानाएवढ्या फटीत ती मावत नाही. म्हणून पुस्तक फिरवलं की दार बंद.

नारायणगावकर

अवांतर: आमच्या खोडदच्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीला वेव्हगाइड नळ्या का दिसत नाहीत, असं मी विज्ञान दिनाच्या प्रदर्शनात विचारलं होतं. ४५ मीटर व्यासाच्या ३० डिश, आणि खालच्या बँडांना फीड म्हणून डायपोल. उत्तर मिळालं की १५० मेगाहर्ट्झसाठी आयताकृती नळी करायची तर तिची रुंदी मीटरभराहून जास्त लागेल. माणूस आत रांगत जाईल! १४२० मेगाहर्ट्झच्या बाजूला मात्र हॉर्न आहे. प्रत्येक बँडला दोन्ही पोलरायझेशन वेगळी घेतात. पल्सारचे (ठोक्यांसारखे संकेत देणाऱ्या ताऱ्यांचे) किरण बऱ्यापैकी पोलराइझ्ड असतात, एकच घेतलं तर अर्धी माहिती हातची जाते.

गच्चीवरून

मग माणूस रांगत जाईल एवढी नळी म्हणजे बोगदाच की. एक्स्प्रेस वेच्या बोगद्यात शिरलं की गाडीतली आकाशवाणी जाते, ते हेच का?

मनोरा६

बरोबर हेच. पुणे केंद्राची मध्यम लहर ७९२ किलोहर्ट्झ, तरंगलांबी जवळपास ३७९ मीटर. बोगदा १५ मीटर रुंद धरला आणि भिंती धातूच्या धरल्या तर सीमा १० मेगाहर्ट्झ येते. त्याखालची लहर दर मीटरला सुमारे १.८ डेसिबलने मरते. खडक धातू नव्हे, त्यामुळे आकडा ढोबळ, पण तोंडापासून थोडं आत गेलं की आवाज बुडतो हे सगळ्यांनी ऐकलंय. एफएम १०० मेगाहर्ट्झच्या आसपास, सीमेच्या खूप वर, म्हणून ते आणखी आत येतं.

इथेही पोलरायझेशन आहेच. १९७५ मध्ये अमेरिकेत कोळसा खाणींतल्या बोगद्यांसाठी यूएचएफ लहरींचा सिद्धान्त मांडला गेला. रुंद आणि बुटक्या बोगद्यात आडवं पोलरायझेशन उभ्यापेक्षा कमी घटतं. कारण कोनमापक यांच्या चित्रातच आहे. ज्या भिंतीला क्षेत्र काटकोनात भिडतं तिथे जास्त शक्ती खडकात शिरते, समांतर असतं तिथे कमी. आडवं क्षेत्र छताला आणि तळाला समांतर, बाजूच्या भिंतींना काटकोनात. बाजूच्या भिंती एकमेकींपासून दूर, आपटणं कमी, म्हणून नुकसान कमी. धातूच्या नळीत पोलरायझेशन चालतं किंवा मरतं. खडकाच्या नळीत दोन्ही चालतात, पण एक लवकर थकतं.

निळीशाई

आले एकदाची. मी कर्करोग रुग्णालयात मेडिकल फिजिसिस्ट आहे. वर सगळी चर्चा टीई ची झाली, टीएम ची बाजू मी मांडते.

आमच्या लिनिअर अॅक्सिलरेटरमध्ये मॅग्नेट्रॉन ३ गिगाहर्ट्झच्या जवळची शक्ती देतो. ती डब्ल्यूआर-२८४ नळीतून जाते, आतून ७२ बाय ३४ मिमी, मोड टीई१०. नळीत सल्फर हेक्साफ्लोराइड वायू भरतात, नाहीतर एवढ्या शक्तीला आत ठिणगी पडते. इथपर्यंत सगळं तारायंत्र यांच्या बाकासारखं, फक्त मोठं.

पण टीई१० इलेक्ट्रॉनला पुढे ढकलू शकत नाही! त्याचं इलेक्ट्रिक क्षेत्र अक्षाला आडवं आहे. इलेक्ट्रॉनला अक्षाच्या दिशेने जोर हवा, म्हणजे टीएम हवा, ज्यात अक्षाच्या दिशेने इलेक्ट्रिक क्षेत्र असतं. म्हणून नळी तांब्याच्या पोकळ्यांच्या रांगेला बाजूने खाच पाडून जोडतात. त्या खाचेतून चुंबकीय क्षेत्राच्या वाटेने शक्ती आत जाते आणि आत टीएम०१ घराण्याचा मोड उभा राहतो, क्षेत्र बरोबर अक्षावर. साधारण ३० सेंटिमीटर लांबीत इलेक्ट्रॉन ६० लाख इलेक्ट्रॉन-व्होल्टची ऊर्जा घेतो. मुंबईत 'समीर' संस्थेने अशी यंत्रं देशात बनवली, याचा मला अभिमान वाटतो.

तारायंत्र, तुमच्या मुलांना विचारा: टीएम०१ चं पोलरायझेशन कुठलं? उभं की आडवं? आडव्या छेदात त्याच्या रेषा केंद्रातून चहूकडे जातात. कुठलंच उत्तर लागू पडत नाही. 'मोड म्हणजे पोलरायझेशन' ही गाठ इथे सुटते, एलएनबीपर्यंत जायचीही गरज नाही.

जुनीपाने

निळीशाई, सुरेख. त्याचंच भावंड म्हणजे गोल नळीतला टीई०१. त्याचं इलेक्ट्रिक क्षेत्र बंद वर्तुळांत फिरतं, भिंतीला कुठेच शिवत नाही. फ्रीक्वेन्सी वाढेल तशी त्याची घट कमी होत जाते. बेल लॅब्जने याच मोडवर १९७० च्या दशकात न्यू जर्सीत ६० मिमी व्यासाच्या नळीची १४ किलोमीटरची चाचणी घेतली, ४० ते ११० गिगाहर्ट्झ. चाचणी चांगली झाली, पण तोवर ऑप्टिकल फायबर आलं आणि तो मार्ग थांबला. त्यांची मोठी डोकेदुखी वळणांची होती: टीई०१ आणि टीएम११ यांची सीमा तंतोतंत एकच, त्यामुळे नळी जरा वळली की शक्ती टीएम११ मध्ये पळते. उपाय म्हणून काही भागात नळी आतून बारीक तारेच्या वेटोळ्याची केली. टीई०१ चा भिंतीतला करंट फक्त वर्तुळात फिरतो, त्याला वेटोळं चालतं. बाकीच्यांना अक्षाच्या दिशेने वाट हवी असते, ती मिळत नाही.

सातवे_सेमिस्टर

सर, मी विद्यार्थी आहे, वेगळ्या कॉलेजचा. पेपरात दोन मार्कांना 'टीई१० मोडचे पोलरायझेशन सांगा' असं आलं तर काय लिहू? एवढं सगळं लिहायला जागा नसते.

तारायंत्र

एवढं लिही: 'सरळ पोलरायझेशन, इलेक्ट्रिक क्षेत्र नळीच्या रुंद भिंतींना काटकोनात.' उभं-आडवं लिहू नकोस, कारण नळी कशी ठेवलीय ते प्रश्नात नाही. वेळ उरला तर एक आयत काढ, मधे लांब आणि कडांकडे आखूड होत जाणारे बाण दाखव. तपासणाऱ्याला त्यात मोडही दिसेल आणि पोलरायझेशनही.

माझ्या तासाबद्दल बोलायचं तर या धाग्यामुळे मी क्रम बदलतोय. आधी कोनमापक यांची नागमोडी लहर, मग चौरस नळी, मग गोल नळीतली दोन रूपं आणि एलएनबी, मग निळीशाई यांचा टीएम०१ चा प्रश्न. समीकरणं त्यानंतर. आणि ब्रॅडशॉ मला बाकावर करून बघायचाच आहे. १० गिगाहर्ट्झला किती फट ठेवू?

कोनमापक

१५ मिमीच्या आत काहीही चालेल, पण ३ मिमीच्या आसपास ठेवा. तेवढ्यात समांतर क्षेत्र मिलिमीटरला जवळपास ९ डेसिबलने मरतं, पुस्तक पूर्ण उंचीचं लागणारही नाही. खरी गळती पुस्तकाला वळसा घालून होईल, तुमची तरंगलांबीच ३ सेंटिमीटर आहे. म्हणून जाडजूड पुस्तक घ्या, पुठ्ठ्याला स्वयंपाकाची अॅल्युमिनियम फॉइल चिकटवून मधे पुस्तकाच्या जाडीएवढी खिडकी कापा आणि पुस्तक तिच्या मागे टेकवा. लहर वरच्या कडेतून शिरून खालच्या कडेतून निघेल असं धरा, म्हणजे बांधणी वाटेत येत नाही.

छत्रीवाला

सर, दोन्ही बाजूंचे आकडे इथे टाका. माझ्याकडे जुना एलएनबी आणि मीटर आहे, मीपण गच्चीवर करून बघतो.

तारायंत्र

टाकतो. फॉइल आणली आहे, जुनं टेलिफोन डिरेक्टरीचं बाड ग्रंथालयातून मिळालं आहे. पुस्तक प्रत्येकी १५ अंश फिरवत वाचनं घेऊ, म्हणजे मधला उतारही दिसेल. छत्रीवाला, तुम्हीही तेच अंश ठेवा, दोन्ही तक्ते शेजारी लावता येतील.